गेटवरच्या बाईचे डोळे

आमची कुमुदताई इमारतींशी बोलते. हे एक वेळ चालवून घेता येईल. गिरगावात जन्म काढला की माणूस कुणाशीही बोलायला लागतो. पण इमारती तिला उत्तर देतात, आणि ते उत्तर ती आम्हाला येऊन सांगते, ही खरी भानगड आहे.

"प्रभाकर, त्या कोपऱ्यावरच्या बिल्डिंगखालून जाऊ नकोस रे. तिचा श्वास अडकलाय. बघून ठेव."

सकाळी पिशवी घेऊन दूध आणायला निघालेल्या माणसाला हे ऐकवायचं असतं का? अजून धड चहा झालेला नसतो. मी म्हटलं, "ताई, बिल्डिंगला फुप्फुसं नसतात."

"म्हणूनच अडकला," ती म्हणाली.

त्या आठवड्यात त्या बिल्डिंगची गॅलरी खाली आली. माणसं वाचली, एक स्कूटर गेली. मी मुद्दाम जाऊन बघून आलो. विमा कंपनीत माझं सगळं आयुष्य, काय पडलं आणि का पडलं, हे बघण्यात गेलंय. लोखंड गंजलेलं होतं, गिलावा फुगलेला होता, गॅलरी पडणार हे कुणीही सांगू शकलं असतं. फक्त ताईशिवाय कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

कुमुदताई आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत एकटीच राहते. सत्तरी केव्हाच उलटली. फोर्टातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ती ट्रेसर होती. म्हणजे साहेबांनी पेन्सिलीने काढलेला नकाशा पारदर्शक कागदावर शाईने जसाच्या तसा गिरवायचा, हात जराही हलू न देता. लग्न केलं नाही. मूळची आमच्यासारखीच मालवणकडची, पण तिच्या तोंडून मालवणी शब्द मी ऐकलेला नाही. आपण मालवणीत विचारावं आणि तिने शुद्ध मराठीत उत्तर द्यावं, असा आमच्या चाळीचा रिवाजच होऊन गेला.

तिचं एक वाक्य ठरलेलं. "प्लॅनमध्ये माणसं नसतात रे, दारं असतात. दार आधी काढतात, माणूस नंतर येतो." हे ती इतक्या गंभीरपणे सांगते की नंतर आपल्याच घराच्या दारातून आत शिरताना आपण उगाच जरा थांबतो.

तिला घेऊन दादरला जायचं म्हणजे माझ्या जिवावर येतं. माझी बायको सुनंदा आणि ती पुढे, पिशव्या घेऊन मी मागे. तिथल्या त्या जुन्या, गोल गॅलऱ्यांच्या इमारती दिसल्या की ताईचे पाय जमिनीला चिकटतात. खिडक्यांवर लांब सज्जे असलेली एक इमारत आहे. ताई म्हणाली, "भुवया वर करून बसलीय. काहीतरी ऐकलंय हिने." पुढे एका फाटकाच्या लोखंडी जाळीत सूर्य होता, किरण पसरलेला. सुनंदा कौतुकाने म्हणाली, "उगवता सूर्य किती छान काढलाय, नाही?"

"उगवता कशावरून?" ताई म्हणाली. "मावळतोय तो. आत कुणीतरी आवराआवर करतंय."

आम्ही कोपरा वळलो तर त्याच इमारतीच्या बाजूच्या दाराशी टेम्पो उभा. कपाट दोरीने बांधत होते, आणि एक म्हातारे गृहस्थ देव्हारा पोटाशी धरून फुटपाथवर उभे होते. टेम्पो आम्हाला आधी दिसलेला नव्हता. ताईलाही दिसलेला नव्हता, कारण मी तिच्याकडेच बघत होतो. पिशवीतली भेंडीसुद्धा मला त्या दिवशी जरा संशयास्पद वाटली.

लालबागला गेलो तर तिथे उरलेल्या गिरणीच्या चिमणीला ती हात जोडते. "सोबतच्या सगळ्या गेल्या. ही थांबलीय," म्हणते. कुणासाठी, ते सांगत नाही.

आमच्या चाळीलाही तिने सोडलेलं नाही. आमच्या कठड्याच्या बिडाच्या जाळीत पानांची नक्षी आहे. त्यातला एक तुकडा उलटा बसलाय, आणि तो नेमका माझ्या दारासमोर. बसवणाऱ्याचा हात चुकला असेल, संपलं. पण कुमुदताईने सुनंदाला सांगितलं, "या घरात पुरुषाचा शब्द उलटा पडणार." झालं. तेव्हापासून माझ्या घरात कुठलाही वाद झाला की सुनंदा तोंडाने काही बोलत नाही, नुसतं बोट करून कठडा दाखवते.

आता गेटवरच्या बाईकडे येतो.

आमच्या वाडीच्या गेटला कमान आहे आणि कमानीच्या माथ्यावर चुन्यात घडवलेला एका बाईचा चेहरा. कपाळावर केसांच्या महिरपी, कानाशी फुलं, हनुवटीवर बारीक खळगा. गिरगावातल्या जुन्या इमारतींवर असे चेहरे असतात, त्यांच्याकडे कुणी बघत नाही. पण आमच्या बाईकडे बघावंच लागायचं, कारण तिचा चेहरा गुलाबी आणि डोळे पांढरेफटक होते. दर दिवाळीच्या आधी वाडीला रंग लागतो. त्या वेळी कुमुदताई शिडीखाली उभी राहायची आणि रंगाऱ्याने चेहरा संपवेपर्यंत हलायची नाही. "डोळ्यांना ब्रश लावायचा नाही," एवढंच सांगायची. डोळ्यांवर जुना चुनाच राहायचा. त्यामुळे नव्याने येणारा माणूस गेटाखाली दचकायचा. घरपोच जेवण आणणारे फोनवर विचारायचे, "वो अंधी औरतवाला गेट ना?"

बाहेर जाताना ताई वर बघून हळूच म्हणायची, "आलेच हं." येताना काही म्हणायची नाही.

मी एकदा चेष्टेने विचारलं, "काय ताई, सगळ्या गावच्या बिल्डिंगा तुला काय काय सांगतात. आपली ही बाई काय म्हणते?"

"ही बोलत नाही," ती म्हणाली आणि खोलीत निघून गेली. मी पुन्हा विचारलं नाही.

तर यंदा दिवाळीच्या तोंडावर ताईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी, खाली वाकायचं नाही, जिना उतरायचा नाही. आम्ही तिला आमच्याकडेच ठेवून घेतलं. आणि नेमका तेव्हाच वाडीला रंग लागला.

आमच्या मंडळाचा अध्यक्ष बंड्या सावंत. मनाने सोन्यासारखा, पण डोक्यात कल्पना आली की ती बाहेर काढल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. तो मला जिन्यात गाठून म्हणाला, "काका, ताईंचा मोतीबिंदू काढला ना? मग गेटवरच्या बाईचापण काढून टाकू. दोघींना एकदम दिसायला लागेल. ताईंना काय बोलू नका, सरप्राइज आहे."

"अरे, तिला ते आवडत नाही."

"आवडेल हो. साध्या रंगाऱ्याला देतोय का मी? लालबागवरून आखणीवाले मेस्त्री आणतो."

आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. मूर्तीच्या कारखान्यात हे काम सगळ्यात शेवटी होतं आणि ते दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. त्या मेस्त्रींनी यंदाही गणपतीचे आणि देवीचे किती डोळे उघडले होते कोण जाणे. सकाळी आले, शांत, पांढरा शर्ट घातलेले. शिडीवर चढून त्यांनी बारीक पॉलिश पेपरने डोळ्यांवरचा चुना घासायला घेतला, आणि मधेच थांबले. बराच वेळ तसेच राहिले. खालून बंड्या ओरडला, "काय झालं मेस्त्री?" मग मेस्त्रींनी ब्रश काढून काम केलं, झरझर, एकदाही न पुसता, आणि खाली उतरले.

"हे डोळे आधी कुणी आखलेले काय?" त्यांनी विचारलं.

"छे. आमच्या आजोबांपासून हे असेच," बंड्या म्हणाला.

"चुन्याच्या आत रेघ होती. दोन्ही डोळ्यांना. मी फक्त गिरवली."

त्यांनी चहा घेतला नाही. सामान उचललं आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथने गेले.

मी सगळ्यांना समजावलं की यात काही नाही. घडवणाऱ्याने तेव्हाच रेघ कोरली असणार आणि वर्षानुवर्षांच्या चुन्याने ती बुजली असणार. लोकांनी माना डोलावल्या. पण त्या दिवसापासून गेटाखाली कुणी उभं राहिना. तिथे कायम सिगरेट ओढणारी पोरं पानवाल्याकडे सरकली. तळमजल्यावरचे गुरव, जे रात्री थोडी दारू घेऊन आले की गेटातूनच गाणं सुरू करायचे, ते आता गेट ओलांडेपर्यंत गप्प असायचे. वाडीतल्या बायका आतापर्यंत कमानीखाली सासूबद्दल बोलायच्या, त्या आता जिन्यात बोलायला लागल्या, आणि सासवांनाही पहिल्यांदाच सगळं ऐकू आलं.

डोळे वाईट नव्हते. उलट फार सुंदर होते, काळेभोर आणि जिवंत. मला जे खटकलं ते वेगळंच. आपण बाहेरून यायला लागलो की ती बघायची. अगदी नीट बघायची. आणि आपण कमानीजवळ आलो की 'हा नव्हे' असं ठरवून नजर आपल्यावरून पुढे रस्त्याकडे जायची. माझी चाळीत हयात गेली, पण माझ्याच गेटात मला रोज कुणीतरी नाकारतंय असं वाटायला लागलं. मी हे कुणाला बोललो नाही. एके दिवशी बंड्याच आपणहून म्हणाला, "काका, ती कुणाला शोधते हो?" तेव्हा मी वर न बघता जिना गाठला.

ताईच्या डोळ्याची पट्टी निघाली, काळा चष्मा लागला. बंड्याने मोठ्या उत्साहाने तिला सरप्राइज सांगितलं. ती रागावली नाही. फक्त खुर्चीचा हात घट्ट धरला आणि विचारलं, "कुठे बघतेय?"

"रस्त्याकडे," बंड्या म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती आपल्या खोलीत राहायला गेली, आणि पुढे जायचं यायचं ते मागच्या गल्लीने सुरू केलं. मागची गल्ली म्हणजे दोन इमारतींच्या मधली मोरीची फट. पायाखाली शेवाळ, वरून पाण्याच्या नळ्या ठिबकतात, घुशी राजरोस फिरतात. डॉक्टरांनी डोळ्यात धुळीचा कण जाऊ द्यायचा नाही म्हणून बजावलेलं, आणि ही बाई भिंतीला धरून त्या गल्लीतून थेंबांची बाटली आणायला जाते. एकदा घसरली. हात खरचटला. नंतर तिने बाहेर जाणंच बंद केलं. तपासणीची तारीख चुकली, थेंब संपले, डोळा लाल झाला. ज्या डोळ्यांनी तिने आयुष्यभर रेघा ओढल्या, त्यातला एक गेटाच्या भीतीने घालवून बसते की काय, असं मला झालं.

शेवटी सुनंदाने तिला समोर बसवलं. "ताई, तुम्हाला माझी शपथ. काय आहे ते बोला. एवढं काय आहे त्या बाईत?"

मी पेपर तोंडासमोर धरून बसलो होतो. ताई बोलायला लागली.

तिला नलिनी नावाची धाकटी बहीण होती. होती एवढं मलाही ठाऊक होतं. मी तेव्हा अगदीच लहान, आणि ती कशाने तरी वारली असणार असंच मी आजवर धरून चाललो होतो. वारली नव्हती. कुमुदताईला बघायला मंडळी येणार होती. नवी डाळिंबी साडी आणलेली, पण तिच्यावर ब्लाऊजचं कापड जुळत नव्हतं. नलिनीने साडीच्या आतल्या टोकाचा छोटा तुकडा कापून घेतला, आणि भर दुपारी हिंदमाताच्या कापडबाजारात मॅचिंग आणायला गेली. जाताना दारातून म्हणाली, "आलेच हं." ती परत आली नाही. पोलीस झाले, इस्पितळं झाली, नातेवाईक झाले. काहीच कळलं नाही.

"मी गेटात बसून राहायचे," ताई म्हणाली. "बसून बसून मान दुखली, म्हणून वर बघितलं. तर नलीचंच नाक. हनुवटीचा खळगा नलीचाच."

मला राहवलं नाही. "ताई, अगं ते तोंड तुमच्या दोघींच्या जन्माआधीपासून तिथे आहे."

"मग? दार आधी काढतात. माणूस नंतर येतो." तिने मला असं उत्तर दिलं की जणू मी ड्रॉइंगची साधी परीक्षा नापास झालोय. "डोळे मिटलेले होते ते बरं होतं रे. डोळे मिटलेल्या माणसाला वेळ कळत नाही. तिच्यासाठी अजून तीच दुपार होती. आत्ता गेले, आत्ता येईन, असं. आता तिने बघितलं. रस्ता बदललेला बघितला. आता मी खालून गेले तर तिला ही म्हातारी कोण, तेही कळायचं नाही. माझ्यावरून नजर फिरवून ती पुढे बघेल."

पेपर माझ्या हातातून खाली आला. त्या नजरेबद्दल मी कुणाला बोललो नव्हतो, आणि ताईने तर गेटाकडे पाऊलही टाकलेलं नव्हतं.

बंड्याला हे कळलं तेव्हा त्याचं तोंड एवढंसं झालं. तो लगेच शिडी आणि चुन्याचा डबा घेऊन ताईच्या दारात हजर. "ताई, चुकलं माझं. आत्ता बुजवतो. पाच मिनिटांत पहिल्यासारखे."

"नाही बुजवायचे," ताई एकदम म्हणाली. तिचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "उघडे डोळे हाताने मिटतात ते फक्त गेलेल्या माणसाचे. माझ्या देखत कुणी तिचे मिटायचे नाहीत."

म्हणजे उघडे ठेवले तर हिची सुटका नाही, आणि मिटले तर नलिनी मेली. बंड्या डबा धरून तसाच उभा, चुना त्याच्या चपलेवर ठिबकत होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी मेस्त्री काय म्हणाले ते तिला सांगितलं. चुन्याखाली रेघ होती, त्यांनी डोळे नव्याने काढले नाहीत, फक्त गिरवले. विमा कंपनीच्या अहवालात लिहिल्यासारखं कोरडं सांगितलं.

ताई माझ्याकडे बघत राहिली. तो एक लाल डोळा, एक बरा डोळा.

"फक्त गिरवले?"

"हो. आत आधीपासूनच होते. उघडेच."

गिरवणं म्हणजे काय, हे तिला आमच्याहून जास्त कळत होतं. जिथे काही नसतं तिथे गिरवता येत नाही. ती स्वतःशीच म्हणाली, "म्हणजे रोज बघत होती. मी ऑफिसला जाताना. आई गेली तेव्हा. केस पांढरे होताना." आणि थोड्या वेळाने, "मी एकटीच म्हातारी होतेय असं वाटत होतं मला."

सुनंदाने तिचा हात हातात घेतला. मी कठड्याकडे तोंड करून उभा राहिलो, कारण माझं काही खरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाडी सुस्तावलेली असताना ताई खोलीतून बाहेर पडली. पुढच्या जिन्याने. अंगावर डाळिंबी साडी, घडीवर विरलेली, छोटा चौकोन कापलेलं आतलं टोक कमरेशी बाहेर काढलेलं. आत पांढरा ब्लाऊज, साडीशी अजिबात न जुळणारा. गॅलऱ्यांमध्ये हळूहळू माणसं उभी राहिली. बंड्या तिच्या मागून एक पायरी सोडून चालत होता, घसरलीच तर धरायला.

ताई कमानीखालून रस्त्यावर गेली, वळली आणि वर तोंड केलं. काळा चष्मा काढून हातात घेतला. सुनंदा आणि मी तिच्याबरोबर बाहेर गेलो होतो, त्यामुळे मी जे सांगतोय ते पाहिलेलं सांगतोय. गेटवरच्या बाईने तिच्याकडे बघितलं, आणि ती नजर पुढे रस्त्याकडे गेली नाही. उन्हाचा कोन असेल. मी एवढंच लिहीन.

आणि मग कुमुदताई मालवणीत बोलली. धाकट्या बहिणीशी बोलावं तशी, थोडी रागावून, साडीचं ते कापलेलं टोक वर धरून.

"नले, मॅचिंग गावला काय गो?"

मग ती थांबली. उत्तर ऐकायला ती नेहमी थांबते तशी, मान जरा एका बाजूला कलवून. मागून एक टॅक्सी हॉर्न वाजवत गेली, तरी ती हलली नाही. बऱ्याच वेळाने तिने मान डोलावली, डोळे पुसले, चष्मा लावला आणि थेंबांची बाटली आणायला औषधाच्या दुकानाकडे चालायला लागली.

इमारतींनी दिलेलं प्रत्येक उत्तर ती आजवर आम्हाला येऊन सांगत आली आहे. हे एकच तिने सांगितलेलं नाही.